सात नंबरच्या किनाऱ्यावर

आम्ही स्वारगेटला राहतो असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे, स्टँडजवळ?" स्वारगेट ही गाडी पकडायची जागा, तिथे माणसं राहतात कशी, असा भाव त्या प्रश्नात असतो. तो अगदीच चूक नाही. आमच्या गॅलरीखालून आयुष्यभर लोक सातारा, कोल्हापूर, महाड, बोरिवलीला जात राहिले. आम्हीही गेलो. सुट्टी लागली की पहाटेची एसटी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि कोकणात कुणाच्या तरी ओळखीने मिळालेली घरगुती खोली. समुद्र पाहिला तो असा.

अशा माणसांच्या हातात लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने अंदमानातल्या एका महागड्या रिसॉर्टचं बुकिंग ठेवलं. स्वराज द्वीप, म्हणजे कालपरवापर्यंतचं हॅवलॉक. रिसॉर्ट थेट राधानगर किनाऱ्याला लागून. या किनाऱ्याला २००४ साली 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं, ते तिने आवर्जून सांगितलं. तिथले लोक मात्र त्याला नुसतं 'सात नंबर' म्हणतात. बेटावरच्या किनाऱ्यांना असे नंबरच आहेत. आमच्या कानांना ते बसचा नंबर सांगितल्यासारखं वाटलं आणि उगाच धीर आला.

परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "कसं होतं गं?" तेव्हा "छान होतं" यापलीकडे काही सांगता आलं नाही. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते. क्रमांक टाकलेत ते केवळ सवयीने. किराण्याची यादीही मी क्रमांक टाकूनच करते.

१. नुसतं बसायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

मराठी माणसाची सहल 'सहा-सात-आठ'वर चालते. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. दिवसाला किती पॉइंट झाले यावर दिवस वसूल झाला की नाही ते ठरतं. पहिल्या सकाळी आमचे हे अंघोळ करून, टोपी घालून, पाण्याची बाटली भरून रिसेप्शनवर हजर झाले आणि आजचा कार्यक्रम काय म्हणून विचारलं. तिथल्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, आज तो कुछ नहीं है." हे खोलीत येऊन मला म्हणाले, "आज काही नाही म्हणे." सुरात एवढी काळजी, की मला वाटलं बोटी बंद झाल्या.

मग आम्ही खुर्च्यांवर बसलो. समोर समुद्र. पाच मिनिटं झाली. दहा झाली. "बघून झाला," हे म्हणाले. माझंही तेच झालं होतं, फक्त मी बोलले नव्हते. मी पर्स उपसून जुन्या पावत्या फाडून टाकल्या. नंतर ती रिकामी पर्स झटकली.

पैसे मोजून बेटावर जायचं आणि काही करायचं नाही, हा उद्योग तसा अलीकडचाच. मालदीवमधलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं. गोव्यात आग्वादच्या किल्ल्याशी ताजचं हॉटेल आलं ते १९७४ मध्ये. १९७२ म्हटलं की आमच्या पिढीला वेगळंच आठवतं: दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी, आणि गावोगाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलेली माणसं. ज्या वर्षी तिकडे कुणीतरी नारळाच्या झाडाखाली पहिली आरामखुर्ची मांडली, त्या वर्षी आमच्याकडे बसून खाणं ही शिवी होती. ती शिवी हाडात मुरली आहे. माझ्या आईसमोर मी अजूनही दिवसा आडवी होत नाही, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली.

२. घड्याळ एक आणि सूर्य एक, आणि अंदमानात सूर्यच जिंकतो.

हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तर पाच वाजायच्याही आत. कुणीतरी सांगितलेलं असतं, पण ऐकणं वेगळं आणि चहाचा कप हातात धरून अंधारात बसणं वेगळं. पुण्यात त्या वेळी शाळा नुकत्याच सुटलेल्या असतात.

हे गणित आमच्या ह्यांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं, कारण करायला दुसरं काही नव्हतं. पुणे साधारण ७४ रेखांशावर, हे बेट ९३ वर. मधे १९ अंश. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाहून थोडं जास्तच. पण घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच, अलाहाबादजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरलेलं. तेव्हा दिवस पुण्यापेक्षा आधी सुरू होतो आणि आधीच आटोपतो. आम्ही पहिला सूर्यास्त खोलीतल्या कपाटाच्या ड्रॉवरचं कुलूप कसं लागतं ते बघण्यात घालवला. बाहेर आलो तेव्हा लोक वाळू झटकून परत निघाले होते.

पण याची दुसरी बाजू फार सुरेख आहे. पहाटे जाग येणाऱ्या वयाच्या माणसांसाठी हे बेट आहे. साडेपाचला लख्ख उजेड, किनाऱ्यावर कुणी नाही, मागे समुद्री महुआची उंच उंच झाडं आणि ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी. रिसॉर्टात उतरलेली तरुण मंडळी नऊला उठतात. त्या साडेतीन तासांचं भाडं त्यांनी भरलेलं असतं आणि वापरतो आपण, हा हिशेब मला फार समाधान देऊन गेला.

३. चैन परवडण्यापेक्षा चैन पचणं अवघड.

लेकीने पैसे भरले होते, आकडा सांगितला नव्हता. आमच्या ह्यांनी तो फोनवर शोधून काढला, आणि शोधला नसता तर बरं झालं असतं. एका रात्रीचं भाडं म्हणजे आमच्या सोसायटीचा वर्षाचा मेंटेनन्स, वर अठरा टक्के जीएसटी. तिथून पुढे मी प्रत्येक गोष्टीकडे वसुलीच्या नजरेने बघायला लागले. नाश्त्याला जे घरी कधी खात नाही तेही खाल्लं. खोलीतला चहा-कॉफीचा साठा रोज संपवला. शाम्पूच्या इवल्या बाटल्या बॅगेत टाकायच्या म्हणून न्हाणीघरात गेले, तर चिनीमातीच्या मोठ्या बरण्या भिंतीला स्क्रूने बसवलेल्या. आपल्यासारखे इथे आधी येऊन गेलेत, हे तेव्हा कळलं.

एक दिवस कंटाळून जेट्टीवर गेलो, आणि तिथे माझी नजर जरा निवळली. बोटीतून उतरत होत्या कांद्याच्या गोणी, टोमॅटोचे क्रेट, गॅसचे सिलिंडर, सिमेंट, बिस्किटांची खोकी, एका गादीची गुंडाळी. बेटांवर पिकतं थोडं, बाकी बहुतेक सगळं मुख्य भूमीवरून येतं. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाला पोर्ट ब्लेअर गाठायला तीनेक दिवस लागतात, आणि तिथून पुन्हा लहान बोट. सकाळी मी बशीत टाकून दिलेल्या टोमॅटोच्या चकत्या आमच्यापेक्षा लांबचा प्रवास करून आल्या होत्या. भाडं त्यामुळे कमी वाटलं असं नाही. पण नंतर बशीत काही टाकलं नाही.

४. सेवा करून घेण्यापेक्षा सेवा करणं सोपं वाटतं, निदान मला.

खोली आवरायला मुलगी यायच्या आधी मी पलंगपोस नीट करून ठेवायची. टॉवेल घडी घालून. कप विसळून. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या आधी आपणच थोडं आवरून ठेवायचं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी खोड. दोन दिवस त्या मुलीने सोसलं, मग हसत म्हणाली, "मॅडम, फिर मैं क्या करूँ?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिला बसवलं आणि विचारलं, तू कुठली?

"यहीं की," ती म्हणाली. पण घरी आजी सादरी बोलते. पणजोबा छोटा नागपूरकडून जंगल तोडायला आणलेले. अंदमानात अशा सगळ्यांना सरसकट 'राँची'च म्हणतात. मग मी विचारतच गेले; माणसांशी बोलणं हा एकच कार्यक्रम आम्हाला येतो. बागेतला काका बंगाली. त्याचे आईवडील पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेले, १९५० च्या दशकात सरकारने त्यांना इथे जमीन देऊन वसवलं. जंगल साफ करून त्यांनी गावं उठवली आणि नावं दिली गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर. जगभरातले लोक ज्या किनाऱ्यावर फोटो काढतात त्याचं नाव घर सोडून आलेल्या वैष्णवांनी ठेवलेलं आहे, हे कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसलं नाही. बोटीवरचा मुलगा तमिळ. मध्य अंदमानात १९२५ पासून ब्रह्मदेशातून आणलेले करेन आहेत. पोर्ट ब्लेअरमध्ये 'लोकल बॉर्न' म्हणवणारी घरं आहेत, म्हणजे काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांचे वंशज. जात, भाषा, धर्म सगळं सरमिसळ झालेलं.

आणि बेटाचं जुनं नाव? हॅवलॉक हा तोच इंग्रज सेनापती, ज्याने जुलै १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी मार्च १८५८ मध्ये अंदमानात उतरवली. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांना इथे आणून टाकलं आणि ज्याने हरवलं त्याचं नाव बेटाला दिलं. पुण्याच्या माणसाला हे कुणीतरी विमानात बसतानाच सांगायला हवं. २०१८ च्या डिसेंबरात नाव बदलून स्वराज द्वीप झालं, तरी बोटीच्या तिकिटापासून चहावाल्यापर्यंत सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात.

मी पलंगपोस नीट करणं थांबवलं. मुलीला बरं वाटलं असावं. मला अजून वाटत नाही.

५. निळा समुद्र आपला वाटायला वेळ लागतो.

आमचा समुद्र कोकणातला. राखाडी, गढूळ, नद्यांचा गाळ पोटात घेतलेला, सुकत घातलेल्या मासळीच्या वासाचा, जाळी विणणाऱ्या माणसांचा. तिकडे किनारा म्हणजे गावाचं मागचं अंगण. इथे वाळू पांढरी, कारण ती पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा झालेला चुरा आहे. पाणी स्वच्छ, कारण त्यात गाळ आणणारी मोठी नदीच बेटावर नाही. वास नाही. होड्या नाहीत. जाळी नाहीत. २०२० मध्ये राधानगरला 'ब्लू फ्लॅग' मिळाला, तो स्वच्छतेसाठीच. सगळं इतकं सुंदर, की माझा विश्वासच बसेना. समुद्राने निदान थोडं तरी काम करावं अशी माझी अपेक्षा असते.

तो बिचारा निरुपद्रवी मात्र नाही. पाण्यात कुठवर जायचं ते लाइफगार्ड शिट्टी वाजवून सांगतात, आणि मगरींपासून सावध राहण्याच्या पाट्या खरोखरीच्या मगरींसाठी आहेत. अंदमानात खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये याच किनाऱ्याच्या बाजूला एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला होता. तरीही पाटीपाशी उभं राहून फोटो काढणारे चिक्कार. त्यात आम्हीही.

६. माहितीपत्रकातला फोटो भरतीच्या वेळचा असतो.

हे सात नंबरला कळत नाही, बेटाच्या दुसऱ्या बाजूला कळतं. विजयनगरच्या किनाऱ्यावर, म्हणजे पाच नंबरला, आम्ही दुपारी गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. पाणी दूर कुठेतरी, मधे खडक, शेवाळ, डबकी आणि त्यात अडकलेले मासे. एक नवविवाहित जोडपं खट्टू होऊन बसलं होतं. आम्हाला मात्र तो प्रकार फार आवडला, कारण शेवटी एकदाचं बघायला काहीतरी होतं. हे डबक्याडबक्यातून वाकून पाहत तासभर हिंडले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चपला, चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा. इतक्या महागाच्या सहलीतली सगळ्यात मोठी मौज ओहोटीने फुकट दिली.

७. शांततेची झोप लागत नाही.

घरी आधी एसटी, मग उड्डाणपूल, मग मेट्रो. स्वारगेटचं भुयारी स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं, तोवरची कित्येक वर्षं आम्ही खोदकामाच्या आवाजात काढली. त्यामुळे पहिल्या रात्री दोघंही टक्क जागे. रात्री दोनला हे म्हणाले, "काहीतरी बंद पडलंय का?" काही बंद पडलं नव्हतं. तेच ते.

८. पोहणारा हत्ती मौजेसाठी पोहत नव्हता.

रिसॉर्टच्या लाउंजमध्ये पाण्यात पोहणाऱ्या हत्तीचा मोठा फोटो होता. वर लाटांचा निळा उजेड, खाली चार पाय आरामात चाललेले. हा राजन. जगभरातले लोक त्याच्यासोबत पोहायला येत. 'द फॉल' नावाच्या इंग्रजी सिनेमातही तो पोहताना दिसतो. २०१६ मध्ये तो गेला. फोटोखाली हत्तीला समुद्राची आवड होती, अशा अर्थाचं काहीतरी छापलं होतं.

बागेतल्या काकाने वेगळं सांगितलं. हत्ती आणले ते लाकूडतोडीसाठी. कापलेले पडौकचे, गर्जनचे ओंडके ओढायला. एका बेटावरचं काम संपलं की दुसऱ्या बेटावर जायचं, आणि प्रत्येक वेळी हत्तीसाठी बोट कुठून आणणार? म्हणून त्यांना पोहायला लावलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंदमानच्या जंगलतोडीला वेसण घातली आणि हत्तींचं काम गेलं. जे राजनने नोकरी म्हणून केलं, तेच मग पाहुण्यांसाठी सुट्टीतला खेळ झालं.

त्या फोटोसमोर मी पुन्हा जाऊन उभी राहिले. फोटो तितकाच सुंदर होता. मला फक्त आता त्याचे पाय आरामात चाललेले वाटेनात.

९. नारळ दोन प्रकारचे असतात.

हे मला परतीच्या वाटेवर कळलं, पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममध्ये. सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मराठी माणूस अंदमानातून परतत नाही. आमच्या आळीतून जे जे गेले ते मुळात तेवढ्यासाठीच गेले. समुद्र वाटेत लागला म्हणून पाहिला.

रिसॉर्टवर पोहोचल्या क्षणी हातात शहाळं दिलं होतं. वर जास्वंदीचं फूल, कागदाची नळी. आदल्याच दिवशी लेकीने बुक केलेलं मालिश झालं होतं. खोबरेल तेलाचं. मंद दिवे, बासरी, कोमट तेल, आणि मी पालथी पडून 'याचे किती झाले असतील' हा विचार दाबायच्या प्रयत्नात. अंगाला तो वास दुसऱ्या दिवशीही होता.

जेलच्या आवारात एका शेडमध्ये कोलू आहे. कैद्याला बैलाच्या जागी जुंपून सुक्या खोबऱ्याचं तेल काढायचा घाणा. दिवसाला तीस पौंड तेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. तेवढं भरलं नाही तर बेड्या, फटके. ज्यांना कोलू नाही त्यांनी नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटायचा, बोटं सोलून निघेपर्यंत. हे सगळं मी शाळेत वाचलं होतं. 'माझी जन्मठेप' घरात आहे, वडिलांच्या सहीची प्रत. पण ते वाचताना मला नारळ दिसले नव्हते. नारळ डोळ्यांसमोर आले ते मनगटाला तोच वास येत असताना.

सात पाकळ्यांचा तुरुंग होता, १९०६ मध्ये बांधून पुरा झालेला. आता तीन पाकळ्या उभ्या आहेत. एका पाकळीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सावरकर १९११ मध्ये आले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथेच होते. कोठडीला मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागी माणसाला समुद्र दिसणार नाही, अशी सोय कुणीतरी बसून, विचार करून, नकाशा काढून केलेली आहे. रिसॉर्टवाल्यांनीही नकाशा असाच विचारपूर्वक काढला होता, प्रत्येक खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून. आमचं न्हाणीघर त्या कोठडीपेक्षा मोठं होतं. हे मी तिथे उभी राहून पावलांनी मोजलं. का मोजलं ते विचारू नका.

सावरकरांच्या कोठडीबाहेर चपलांचा ढीग होता. आत गटातल्या कुणीतरी त्यांचं ते समुद्राचं गाणं सुरू केलं, नेहमीप्रमाणे, आणि आम्ही सगळे त्यात मिसळलो. गाणं १९०९ सालचं, इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेलं. ब्रायटन म्हणजे तेव्हाही लंडनच्या लोकांची हवा खायला जायची जागा: आरामखुर्च्या, हॉटेलं, बँड. मराठीतलं समुद्राचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं एका सुट्टीच्या किनाऱ्यावर घरी परतता येत नाही म्हणून लिहिलं गेलं, आणि लिहिणाऱ्याला दोन वर्षांनी ज्या बेटावर आणलं तिथे आज आम्ही सुट्टीला जातो. गाताना माझा आवाज फुटला नाही, माझा फुटतच नाही. ह्यांचा फुटला. बाहेर येऊन म्हणाले, "धूळ फार आहे आत." धूळ मुळीच नव्हती.

संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. आमच्या शेजारची लहान मुलगी मधेच आईला म्हणाली, "पण समुद्र कुठे आहे?" आईने तिला गप्प केलं. मला तो त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला.

यातून रिसॉर्ट वाईट, असं काही मला म्हणायचं नाही. तिथल्या नोकऱ्यांवर त्या मुलीचं घर चालतं, आणि शंभर वर्षं जिथे माणसांना राबवायलाच आणलं तिथे कुणी विसावायला येत असेल तर चांगलंच आहे. पुन्हा कुणी नेलं तर मी जाईन. शहाळंही पिईन.

१०. जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं.

शंख, शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलून आणू नका. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात आणि काढून घेतात, आमच्या पुढच्या काकूंच्या पिशवीतून मूठभर निघालेच. पोवळी आधीच जेरीला आली आहेत, २०१० मध्ये समुद्र तापून कितीतरी पांढरी पडली. दुपारचा चहा साडेतीनला घ्या आणि चारला किनाऱ्यावर जा. पुण्याहून विमान बहुधा चेन्नई नाहीतर बंगळुरूला बदलावं लागतं, आणि पुढे बोट समुद्र खवळला तर रद्द होते, तेव्हा परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच असा. रिसॉर्टात दोन रात्री पुरतात. तिसरीचे पैसे वाचवा. आणि सहलवाले सेल्युलर जेलला कार्यक्रमात अर्धा दिवस ठेवतात, तो पुरत नाही. पूर्ण दिवस मागून घ्या.